प्रिव्हेटच्या जुन्या कुंपणातून बोन्साय करता येतं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: इंग्लंडात लेस्टरला घेतलेल्या जुन्या घरापुढचं प्रिव्हेटचं (इथे कुंपणासाठी लावतात त्या दाट झुडपाचं) कुंपण गाडी लावायला जागा हवी म्हणून काढायचं आहे. शेजारी म्हणतात की त्यातून बोन्साय होतं. पुण्यात तुम्ही वडाची बोन्साय केली आहेत, तर इथे हे जमेल का आणि निगा कशी ठेवायची?

जमेल, आणि फार चांगलं जमेल. ठेकेदाराला आजच दोन गोष्टी सांगून ठेवा: फेब्रुवारी संपत येईपर्यंत कुंपणाला हात लावायचा नाही, आणि निघालेली खोडं स्किपमध्ये, म्हणजे राडारोड्याच्या लोखंडी पेटीत, टाकायची नाहीत.

बोन्सायमध्ये सगळ्यांत दुर्मीळ गोष्ट म्हणजे जाड, जुनं दिसणारं खोड. फांद्या, पानं, आकार हे सगळं चार-पाच वर्षांत उभं करता येतं, पण कुंडीत वाढवून मनगटाएवढा बुंधा मिळवायचा तर आयुष्य पुरत नाही. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात इंग्लंडात जी जोडघरं बांधली गेली, त्यांच्या पुढच्या अंगणात प्रिव्हेट सर्रास लावलं गेलं, कारण ते शहरातला धूर आणि काजळी सोसतं. तेव्हापासून दरवर्षी वरून कात्री फिरत आली आणि खाली बुंधे जाड होत राहिले. असं खोड नर्सरीत विकत घ्यायला गेलात तर किंमत ऐकून परत याल. तुमच्या दारात त्याची रांग उभी आहे.

आधी झाड ओळखा. कुंपणात बहुतेक वेळा लिगुस्ट्रम ओव्हालिफोलियम असतं. ते मूळचं जपानकडचं, पानं अंडाकृती आणि चकचकीत, सौम्य हिवाळ्यात बरीचशी टिकणारी. पिवळ्या कडांच्या पानांचं असेल तर तेच, फक्त सोनेरी जातीचं. पानं अरुंद आणि भाल्याच्या पात्यासारखी असतील तर ते इथलं रानटी लिगुस्ट्रम व्हल्गेअर. दोन्ही चालतात. दुकानात ‘घरातलं बोन्साय’ म्हणून मिळतं ते बहुधा चिनी प्रिव्हेट, लिगुस्ट्रम सिनेन्सी. त्याची पानं लहान असतात, पण कडक थंडी त्याला तितकी सोसत नाही. त्याची निगा वेगळी, म्हणून इथे त्यात शिरत नाही. हे सगळं कुळ आपल्या मोगऱ्याचं आणि पारिजातकाचं. तुम्ही ती लावली असतील तर पानांच्या समोरासमोरच्या जोड्या ओळखीच्या वाटतील, आणि पुढे छाटणी करताना त्याच जोड्या लक्षात ठेवायच्या आहेत.

काढण्याची वेळ म्हणजे कळ्या फुगायच्या आधी, फेब्रुवारीचा शेवट ते मार्चचा मध्य. यात एक कायद्याची बाजूही आहे. १९८१च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे वापरात असलेलं पक्ष्याचं घरटं मोडणं गुन्हा आहे, आणि मार्चपासून ऑगस्टपर्यंत अशा कुंपणात घरटी असण्याची शक्यता खूप. म्हणून पहिल्यांदा फांद्या बाजूला करून आत नीट बघा. कुंपण हद्दीवर असेल तर ते कोणाच्या मालकीचं, हेही शेजाऱ्यांशी आधी बोलून घ्या.

सगळी खोडं काढायच्या फंदात पडू नका. बुंध्याजवळची माती हाताने उकरा आणि जी जमिनीलगत पसरलेली आहेत, वर जाताना निमुळती होतात किंवा वळण घेतात, अशी तीन-चार निवडा. सरळसोट खांबासारखी सोडून द्या. निवडलेली खोडं जमिनीपासून २५-३० सेंटीमीटरवर करवतीने कापा. मग हातभर अंतरावर गोल चर खणून खालची जाड मुळं तोडा. पहार आणि जुनी करवत लागेल. चांगली करवत मातीत घालू नका. वर काढल्यावर पाइपच्या पाण्याने जुनी माती धुऊन टाका, जाड मुळं सपाट कापा आणि बारीक तंतुमुळं असतील तेवढी जपा. तंतुमुळं अगदी थोडी दिसली तरी घाबरू नका. प्रिव्हेट उघड्या बोडक्या खोडातूनही धुमारे काढतं.

लगेच बोन्सायच्या ताटलीत लावायचं नाही. गवंडी सिमेंट कालवायला वापरतात तसलं रुंद प्लास्टिकचं घमेलं घ्या आणि तळाला भरपूर भोकं पाडा. मिश्रण निचऱ्याचं हवं: बारीक खडी, प्युमिस किंवा पर्लाइट (हलके, सच्छिद्र खडे), थोडी झाडाची साल. इथले बरेच हौशी लोक मांजराच्या शौचपेटीत घालतात ते डायटोमाइट या सच्छिद्र खनिजाचं, भिजल्यावर न विरघळणारं लिटर वापरतात, तेही उत्तम. खोड तारेने घमेल्याला घट्ट बांधा. वाऱ्याने ते हललं की नवी मुळं तुटतात. घमेलं वाऱ्यापासून आडोशाला, अर्ध्या सावलीत ठेवा.

एप्रिल-मेमध्ये बुंध्यावर हिरवे ठिपके उठतात आणि पाहता पाहता झुडूप होतं. इथे खरा संयम लागतो. पहिलं वर्षभर एकही धुमारा कापू नका, फांद्यांना वळण द्यायची तार लावू नका. वरची ती पानंच खाली मुळं तयार करतात. नवी पानं पक्की झाली की खत सुरू करा आणि उन्हाळ्यात पाणी कधीच चुकवू नका. पुण्यात वडाच्या कुंडीला एखादा दिवस पाणी नसलं तर तो निभावून नेतो. लहान कुंडीतलं प्रिव्हेट जुलैच्या उन्हात तसं निभावून नेईलच असं नाही.

वडाची सवय असलेल्या माणसाने आणखी काही फरक ध्यानात घ्यावेत. वडाची जखम चीक येऊन लवकर भरते. प्रिव्हेटवरचा करवतीचा मोठा छाट वर्षानुवर्षं उघडा राहतो. म्हणून तो लपवण्यापेक्षा कोरून पोकळ ढोलीसारखा करणं मला जास्त आवडतं, कारण जुन्या झाडाला ते शोभतं. मात्र पाणी साचणार नाही असा उतार ठेवा. वडाची बोटभर फांदी तारेने वळते. प्रिव्हेटची एकदा लाकूड धरलेली फांदी ताठ आणि ठिसूळ असते, ती मोडते. वळवायची ती हिरवी असतानाच, आणि तार लवकर रुतते म्हणून दर दोन-तीन आठवड्यांनी तपासा.

दुसऱ्या वर्षी फांद्या निवडा. एकाच जागी पाच-सहा धुमारे फुटतात. ते तसेच ठेवले तर तिथे गाठ येते आणि खोडाचा निमुळतेपणा जातो, म्हणून एक किंवा दोनच ठेवा. पुढचं सगळं काम कात्रीचं. धुमारा पाच-सहा जोड्यांपर्यंत वाढू द्या, मग एक-दोन जोड्यांवर कापा. प्रत्येक जोडीतून दोन नवे फुटवे येतात, पेरं आखूड होतात, पानंही लहान होत जातात. तरी ओव्हालिफोलियमचं पान फार बारीक होत नाही. म्हणून तळहातावर मावणारं झाड करायला जाऊ नका. ३०-५० सेंटीमीटर उंचीचं, दणकट झाड करा. सतत छाटणीमुळे फुलं क्वचितच येतील. आली आणि काळी फळं धरली तर घरातल्या मुलांना जपा, ती विषारी आहेत.

हिवाळ्यात झाड घरात आणू नका, काही पानं गळली तरी. थंडी त्याला हवीच असते. धोका असतो उथळ कुंडीतली मुळं गोठण्याचा. कडाक्याच्या रात्री कुंडी भिंतीलगत जमिनीवर ठेवा किंवा वाफ्यात पुरा. कुंडी दोन-तीन वर्षांनी, वसंताच्या तोंडावर बदलायची.

रोगांमध्ये भीती एकाचीच बाळगा, हनी फंगस. इथली बागकामाची संस्था रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटी प्रिव्हेटला या बुरशीच्या हमखास बळींमध्ये मोजते. काढताना बुंध्याची साल जमिनीलगत थोडी खरवडून पाहा. खाली पांढरा, अळंबीच्या वासाचा पापुद्रा दिसला तर ते खोड घेऊ नका, शेजारचंही नको. उन्हाळ्यात पानं निस्तेज, चंदेरी दिसली तर थ्रिप्स, म्हणजे पानांतला रस शोषणारे बारीक किडे, असतात. त्याने झाड मरत नाही.

छाटलेली पानं फेकण्याआधी मुलांच्या शाळेत विचारून बघा. इथल्या वर्गांमध्ये पाळतात तो काडीकिडा मूळचा तामिळनाडूचा, आणि इथे तो प्रिव्हेटच्या पाल्यावर मजेत जगतो. आपल्याकडून आलेल्या किड्याला जपानकडून आलेल्या झुडपाचा पाला इंग्रज मुलं भरवतात, हे मला फार लोभस वाटतं.

कात्री हातात घेण्याआधी एकदा बर्मिंगहॅम बोटॅनिकल गार्डन्समधला राष्ट्रीय बोन्साय संग्रह बघून या, लेस्टरहून लांब नाही. तिथे झाडांचे शेंडे बघू नका, बुंधे मातीला कसे भिडतात ते बघा. खोडं निवडताना तेच कामी येईल.

आणि ठेकेदार उन्हाळ्यातच येणार असेल तर? तर निवडलेल्या खोडांपुरती जागा फेब्रुवारीपर्यंत तशीच सोडायला सांगा, बाकीचं काम घरटी नाहीत याची खात्री करून होऊ द्या. तेही शक्य नसेल तर एकच खोड मातीच्या मोठ्या गड्ड्यासकट काढा, मुळं न धुता, वरचा अर्धा पाला ठेवून घमेल्यात बसवा आणि सावलीत ठेवा. मुळांची छाटणी पुढचा वसंत सोडून त्यानंतरच्या वसंतात करा.