आधी आईंच्या पोटावरून हात फिरवून बघा

तुमची पोस्ट काल रात्री वाचली आणि नंतर बराच वेळ झोप लागली नाही. ग्वाल्हेरला असलेली तुमची आई, वय ६६, साडेचार वर्षांपासून सकाळ-संध्याकाळ मिक्स इन्सुलिन (लवकर उतरणारं आणि सावकाश उतरणारं एकत्र) घेते. शुगर कधी ३१०, कधी काही कारण नसताना ६८. दर भेटीत डोस वाढतोय. बेंबीच्या बाजूला मऊ उंचवटा आलाय. इंजेक्शनची जागा बदलावी का, बदलायची तर कुठली चांगली, असं तुम्ही विचारलंय. आणि सगळ्यात शेवटी, जाता जाता लिहावं तसं, ‘आई लपून गोड खाते असा घरात सगळ्यांना संशय आहे.’

माझी झोप उडाली ती या शेवटच्या ओळीने.

मी इंदूरची, सुदामानगरात राहते. शाळेत गणित शिकवायचे, आता निवृत्त आहे. २०१२ पासून इन्सुलिनवर. मी डॉक्टर नाही की नर्स नाही, तेव्हा पुढचं सगळं एका पेशंटचं बोलणं म्हणून वाचा आणि डोसचा एक युनिटही माझ्या सांगण्यावरून इकडचा तिकडे करू नका. इन्सुलिनचं पेन कसं धरायचं, बटण कसं दाबायचं हे तुम्हाला येत असणारच, त्यात शिरत नाही.

मी उजव्या हाताने टोचते. बेंबीच्या डावीकडे, परकराच्या नाडीच्या वर चार बोटांवर माझी एक ठरलेली जागा होती. सुरुवातीला तिथे जमलं म्हणून तिथे घेत राहिले. वर्षभराने लक्षात आलं की तिथे अजिबात दुखत नाही. दुसरीकडे सुई टोचली तर चुरचुरायचं, तिथे काहीच नाही. मला वाटलं, वा, आपल्याला चांगली जागा सापडली. चार-साडेचार वर्षं दिवसातून दोनदा तिथेच, पोस्टाच्या तिकिटाएवढ्या जागेत. माझी सगळ्यात मोठी चूक तीच. जिथे दुखत नाही ती जागा चांगली नसते, ती बिघडलेली असते, हे मला कोणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

सुरुवात सकाळी १६ आणि रात्री १० युनिटवर झाली होती. २०१६च्या अखेरीस मी सकाळी ३४ आणि रात्री २६ वर होते, तरी एचबीएवनसी, म्हणजे दोन-तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा आकडा, ९.४. ज्या दवाखान्यात जायचे त्याचं नाव घेत नाही. मोठा होता, टोकन घेऊन दीड-दोन तास बसायचं. आत गेल्यावर रिपोर्ट बघायचे, आकडा खोडून नवा लिहायचे आणि आहाराच्या बाईंकडे पाठवायचे. साडेचार वर्षांत एकाही माणसाने मला ‘पोट दाखवा’ असं म्हटलं नाही. सुई कुठे टोचता, हाही प्रश्न नाही. आहाराच्या बाई मात्र दरवेळी विचारायच्या, ‘जिलेबी सुटली का नाही अजून?’ मी म्हणायची, हो, सुटली. त्या ह्यांच्याकडे बघून हसायच्या. इंदूरची बाई आणि सकाळच्या पोह्यांबरोबर जिलेबी खात नाही, यावर कोण विश्वास ठेवणार?

पुढे ह्यांचाही विश्वास उडाला. लाडवांचा डबा वरच्या फडताळात गेला. लग्नकार्यात सून माझ्या पानाकडे लक्ष ठेवायची. एकदा नातवाने विचारलं, ‘आजी, तू चोरून खातेस का गं?’ तो सहा वर्षांचा होता, घरात जे ऐकलं तेच त्याने विचारलं. मी ३१ वर्षं मुलांना शिकवलं आणि स्वतःच्या घरात खोटारडी ठरले. हे आठवलं की अजूनही घसा दाटून येतो. डोस वाढला, पैसे गेले, त्याचं मला तितकं नाही.

हे सगळं उलगडलं ते वडोदऱ्याला, आणि तेही जिवावर बेतून. २०१७च्या उन्हाळ्यात नणंदेच्या मुलाची मुंज होती. त्यांचं घर दांडिया बाजाराजवळ, घरात चाळीस माणसं. आदल्या संध्याकाळी मी साडी पिना लावून चापून नेसलेली. पोट उघडं करायला नको म्हणून न्हाणीघरात जाऊन मांडीत टोचून घेतलं, नेहमीचे २६ युनिट. जेवण उशिरा झालं आणि थोडंच गेलं. रात्री अडीचला घामाने ब्लाउज पिळून काढावा इतका ओला. जीभ जड, काहीतरी असंबद्ध बोलत होते म्हणे. नणंद जागी झाली म्हणून वाचले. मीटरवर ४६. तिने तीन चमचे साखर पाण्यात घालून पाजली, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजलं, पुन्हा पाजली. (शुद्ध असेल तरच पाजायचं. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही घालू नका, सरळ दवाखान्यात न्या.)

सकाळी गल्लीतल्याच एका वयस्कर डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी रिपोर्टची फाइल बाजूला ठेवली आणि म्हणाले, ‘ताई, आडव्या व्हा, पोट बघू.’ दोन मिनिटं बोटं फिरवली. मग ह्यांना जवळ बोलावून त्यांचा हात माझ्या पोटावर ठेवला. बेंबीच्या डावीकडे लिंबाहून मोठी, रबरासारखी गाठ. ह्यांनी हात काढून घेतला आणि बराच वेळ माझ्याकडे बघितलंच नाही.

डॉक्टरांनी समजावलं ते असं. एकाच जागी इन्सुलिन टोचत राहिलं की तिथली चरबी फुगते, कारण चरबी वाढवणं हा इन्सुलिनचाच एक गुण आहे. याला लायपोहायपरट्रॉफी म्हणतात. तिथली संवेदना कमी होते म्हणून दुखत नाही, आणि दुखत नाही म्हणून माणूस पुन्हा तिथेच टोचतो. पण अशा गाठीतून औषध रक्तात नीट उतरत नाही. आज कमी, उद्या जास्त, कधी उशिरा. तेच युनिट, तेच जेवण, तरी एक दिवस ३१० आणि एक दिवस ६८. डॉक्टरला वाटतं डोस कमी पडतोय, तो वाढवतो. घरच्यांना वाटतं बाई गोड खाते.

म्हणून आता तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं. आईंची जागा आजच्या आज बदलून तोच डोस देऊ नका. त्यांचा डोस गाठीच्या हिशोबाने वाढलेला असू शकतो. चांगल्या कातडीत तो पूर्ण उतरला तर माझ्यासारखी रात्र येईल, आणि त्या रात्री शेजारी कोणी जागं असेलच असं नाही. आधी डॉक्टरांना गाठ दाखवा आणि विचारा की नव्या जागेला डोस किती कमी करायचा. माझा तेव्हा सुरुवातीलाच साधारण पाचव्या हिश्शाने उतरवला होता. पंधरा दिवस रोज चार वेळा शुगर मोजली, शिवाय काही दिवस रात्री तीनलाही. शेवटी मी सकाळी २४ आणि रात्री १६ वर स्थिरावले. पाच महिन्यांनी एचबीएवनसी ७.५. खाणं तेच होतं, एक घास कमी नाही.

गाठ नुसती बघून कळत नाही, बोटांनी कळते. अंघोळीच्या वेळी हाताला साबण लावून बोटं गोल गोल, हलक्या दाबाने फिरवायची. साबणामुळे बोटं घसरतात आणि जिथे अडखळतात तिथे गाठ. मग दोन बोटांच्या चिमटीत कातडी धरून बघायची. निरोगी जागी पातळ घडी हातात येते, गाठीवर चिमूट धरताच येत नाही. एकदा उभं राहून, एकदा आडवं पडून. सापडली की तिच्या कडेने बॉलपेनने रेघ मारा आणि फोटो काढून डॉक्टरांना दाखवा. त्या रेघेच्या आत काही महिने सुई नको. माझी गाठ बसायला आठ महिने लागले, थोडी अजून हाताला लागते. गाठ दगडासारखी कडक असेल, लाल असेल, दुखत असेल तर वाट न बघता दाखवा. दरवेळी ती चरबीचीच असते असं नाही.

आता जागा. पोट, मांडी, कुल्ला, दंड, या चार जागा सगळे सांगतात. माझं मत विचाराल तर वयस्कर बाईने एकटीने घ्यायचं असेल तेव्हा दंड सोडून द्यावा. मागच्या बाजूला टोचायचं असतं, दुसऱ्या हाताने चिमूट धरता येत नाही आणि बारीक माणसाला सुई स्नायूत जायची भीती. स्नायूत गेलं की औषध भराभर उतरतं. पोटावर सगळ्यात लवकर उतरतं, मांडी आणि कुल्ल्यावर सावकाश. साध्या मिक्स इन्सुलिनला हा फरक जाणवतो. नव्या प्रकारच्या इन्सुलिनना कमी. मी डॉक्टरांना विचारून सकाळचं पोटावर आणि रात्रीचं मांडीवर घेते, म्हणजे मध्यरात्री एकदम खाली जात नाही. पण आज सकाळी पोट, उद्या सकाळी मांडी अशी सरमिसळ नको. एका वेळेला एकच भाग ठरवायचा आणि त्या भागातल्या जागा फिरवायच्या.

फिरवायच्या कशा? पोटाचे बेंबीवरून चार भाग करा. एक आठवडा एक भाग, घड्याळाच्या दिशेने. त्या भागातही रोज मागच्या टोचलेल्या जागेपासून निदान एक बोट लांब. बेंबीला चिकटून घेऊ नका, मी दोन बोटं सोडते. मांडीचा पुढचा-बाहेरचा भाग, गुडघ्याकडे नको आणि आतल्या बाजूला तर नकोच. परकराची नाडी जिथे घासते तिथे मी घेत नाही, हे कुठल्या पत्रकात मिळणार नाही पण बायकांनी लक्षात ठेवावं. स्वयंपाकघरात कालनिर्णय टांगलेलं असतं, त्याच्या चौकटीत रोज दोन अक्षरं लिहिते: ‘डाव’ म्हणजे डावीकडे वर, ‘उखा’ म्हणजे उजवीकडे खाली. नातूच आता विचारतो, ‘आजी, आज कुठलं घर?’

सुईबद्दल कडक बोलते, राग मानू नका. आपल्याकडे एक सुई आठ-आठ दिवस वापरतात, मीही वापरली. बोथट झालेली सुई कातडी फाडते आणि गाठी वाढायला तेही एक कारण धरतात. डॉक्टरला द्यायला, तपासण्यांना पैसे असतात आणि सुईला नसतात, हे मला पटत नाही. दवाबाजारात डबाच घ्या, सुटी सुई महाग पडते. चार मिलिमीटरची सुई बहुतेकांना पुरते, जाड माणसालासुद्धा, कारण कातडी सगळ्यांचीच दोन-अडीच मिलिमीटर असते. सरळ टोचायची, बटण पूर्ण दाबून दहापर्यंत मोजायचं, मगच बाहेर काढायची. चोळायचं नाही. मांडीत घेऊन लगेच फिरायला जायचं नाही, पाय चालले की औषध लवकर उतरतं. वापरलेल्या सुया जाड प्लास्टिकच्या बाटलीत साठवा. आमच्याकडे कचऱ्याच्या गाडीला अशा घातक वस्तूंचा वेगळा कप्पा असतो, तिथे बाटली बंद करून देते. साध्या पिशवीत टाकलेली सुई कचरा वेचणाऱ्याच्या हातात जाते.

तुमच्या पोस्टखाली एकांनी विचारलंय की वजन कमी करायला आठवड्यातून एकदा टोचतात त्या सेमाग्लुटाइडला हेच लागू का. तेही पेप्टाइड (प्रथिनासारखी छोटी साखळी) आणि इन्सुलिनही, पण दोघांचं वागणं वेगळं. सेमाग्लुटाइड पोट, मांडी, दंड यांपैकी कुठेही चालतं आणि जागा बदलली म्हणून डोस बदलावा लागत नाही. एकाच ठिपक्यावर मात्र तेही घेऊ नये. माझी मावसबहीण हाडांसाठी रोज टेरिपॅराटाइड घेते, मांडीत किंवा पोटात. तिला पहिले काही दिवस टोचल्यावर चक्कर यायची, म्हणून ती पलंगावर बसूनच घेते. आणि जिममध्ये कुणी बाटलीतली पांढरी पूड पाण्यात कालवून टोचायला देत असेल, तर त्याची जागा कुठली हे मला विचारू नका. ते कुठेच टोचू नये.

त्या जुन्या दवाखान्यात मी पुन्हा एकदाच गेले, फाइल परत आणायला. तिथल्या बाईंना म्हटलं, पेशंटचं पोट बघत जा हो. त्या म्हणाल्या, ‘रोज दीडशे पेशंट असतात, मॅडम.’ दोन मिनिटांचं काम आहे हे. तुमच्या डॉक्टरांनी टाळलं तर तुम्ही हट्ट धरा, आईंचा पदर बाजूला करून स्वतः म्हणा, ‘इथे हात लावून बघा.’

घरात तोवर आईंना गोडावरून कोणी काही बोलू नये. गाठ सापडली तर ज्यांनी ज्यांनी संशय घेतला त्यांच्यासमोर ती त्यांना दाखवा. ह्यांनी वडोदऱ्याहून परतल्यावर लाडवांचा डबा स्वतः खाली आणून ओट्यावर ठेवला होता. बोलले काही नाहीत.

एक माहिती तुमच्या पोस्टमध्ये नाही. इन्सुलिन पेनचं आहे की बाटलीचं? बाटली असेल तर तिच्यावर ४० लिहिलंय की १०० (एका मिलिलीटरमध्ये किती युनिट, ते), आणि सिरिंजच्या टोपीचा रंग कोणता, ते बघून कळवा. ४० ला लाल टोपी, १०० ला नारिंगी. यात अदलाबदल झाली असेल तर आकडे गाठीशिवायही असेच वरखाली होतील, म्हणून डॉक्टरांकडे जाताना बाटली आणि सिरिंज दोन्ही पिशवीत घालून न्या.