निळी बदकं फिकी का पडतात?

प्रश्न : काका, पुण्याहून भाची आली की आम्ही तिला किल्ला दाखवायला नेतो. मोबाइलवर तिथल्या मानमंदिर महालाचे फोटो काढले, तर बुरूज मागे कलंडलेले आणि भिंतीवरच्या निळ्या फरशा पांढुरक्या. असं का होतं?
– एक वाचक, लष्कर, ग्वाल्हेर

उत्तर : तुम्ही गेलात दुपारी, जेवणं उरकून. बरोबर ना? मानसिंह तोमराच्या या महालाची दर्शनी भिंत पूर्वेकडे आहे. दुपारनंतर ती सावलीत जाते, मागचं आकाश मात्र लखलखीत. मोबाइल बिचारा गोंधळतो आणि सगळंच उजळवतो. सकाळी उन्हं कोवळी असताना जा. स्क्रीनवर निळ्या फरशीवर बोट दाबून धरा आणि उजेड थोडा कमी करा. फरशांमधली बदकांची रांग, हत्ती, केळीची झाडं, पिवळ्या रंगासकट नीट उमटतात.

बुरूज कलंडतात ते मोबाइल वर तिरका धरल्यामुळे. मागे सरका, मोबाइल उभा सरळ धरा. कळस कापला गेला तर जाऊ द्या की! अख्खा महाल एका फोटोत कोंबायचा हट्ट मला कधीच कळला नाही.

गाडीने उरवाई दरवाज्याकडून न जाता पूर्वेच्या वाटेने पायी चढा. वाटेत चतुर्भुज मंदिर लागतं. तिथल्या इ. स. ८७६ च्या शिलालेखात २७० हा आकडा शून्यासकट कोरलाय. फ्लॅश नको, अक्षरं सपाट दिसतात. भाचीला बाजूने टॉर्च धरायला सांगा.

उरवाईच्या जैन मूर्तींपाशी मात्र पायथ्याला कुणाला तरी उभं करा, नाहीतर उंचीचा अंदाजच येत नाही.