गॅप जंक्शन म्हणजे दोन पेशींमधली नुसती भोकंच ना? पेशी ती पाडतात कशी?

"नुसती भोकं" वाचलं आणि राहवलं नाही. भोक पडतं, हे बांधावं लागतं. कनेक्सिन प्रथिनाचे सहा रेणू पेशीच्या आतच गोलाकार जुळतात. ती अर्धी नळी पेशीपटलात जाऊन बसते, समोरून शेजारणीची अर्धी नळी येऊन जुळते, तेव्हा एक रस्ता पुरा होतो. असे रस्ते एका जागी दाटीने बसतात. नवे कडेला लागतात, जुने मधून काढले जातात. कनेक्सिन टिकतं जेमतेम काही तास, त्यामुळे हे काम कधी थांबतच नाही.

आणि थांबलं तर काय, ते मी घरात पाहिलंय. लेक दीड वर्षाची असताना कुकरची शिट्टी झाली तरी वळून बघायची नाही. दोन्ही कानांनी ऐकू येत नाही असं निघालं, त्याच आठवड्यात चुलत सासूबाई चारचौघांत म्हणाल्या, "ग्रहणात विळीवर बसली होती ही. आमच्या घराण्यात असं कुणी नाही." दोन वर्षं हेच ऐकलं.

मग जनुकीय तपासणी केली. जीजेबी२ जनुक, म्हणजे कनेक्सिन २६. हे प्रथिन म्हणजे २२६ अमिनो आम्लांच्या मण्यांची माळ. लेकीच्या जनुकात २४ व्या जागीच 'थांबा' लिहिलेलं, तेही दोन्ही प्रतींत. डॉक्टरीणबाईंनी रिपोर्टच्या पाठीमागे पेनाने सहा गोल काढले आणि सहाही खोडले. कानातल्या शंखाकृती भागातल्या पेशी याच रस्त्यांनी पोटॅशियम आणि बारीकसारीक रेणू एकमेकींना देतात. तिच्यात तो रस्ताच नाही.

एक प्रत माझी, एक नवऱ्याची. आमची दुसरी प्रत चांगली, म्हणून आम्हा दोघांना उत्तम ऐकू येतं. तेव्हा "घराण्यात कुणी नाही" याला काडीचा अर्थ नाही. हा दोष पिढ्यान् पिढ्या गुपचूप चालत येतो. पत्रिका जुळवायला वेळ असतो तर नात्यात लग्न ठरवताना रक्तही तपासा. बाळाची श्रवणचाचणी जन्मल्याबरोबर करून घ्या, आम्ही दीड वर्ष घालवलं.

प्रत्येक बहिरेपण या जनुकामुळे नसतं, हेही सांगायला हवं. आणि यात ऐकण्याची नस सहसा शाबूत असते, म्हणून कॉक्लियर इम्प्लांटचा, म्हणजे शस्त्रक्रियेने कानात बसवलेल्या, थेट त्या नसेला संदेश देणाऱ्या यंत्राचा, चांगला उपयोग होतो. लेक आता शिट्ट्या मोजून गॅस बंद करते.

सहा गोलांचा तो कागद मी लॅमिनेट करून घेतलाय. पुढच्या महिन्यात पुतण्याचं लग्न आहे. चुलत सासूबाई येणार आहेत.