फाइल ऑफिसात ठेवून जा

प्रिय पोरी,

तुझं पत्र दोनदा वाचलं. आजीनं पासबुक लपवलं, बालसंगोपनाचे, म्हणजे आई-बाप गमावलेलं मूल घरीच सांभाळायला सरकार देतं ते, आलेले पैसे सगळे किराणा दुकानदाराला दिले, नातवाला दप्तरसुद्धा घेतलं नाही. हे बाल कल्याण समितीला, मूल कुठे राहावं हे ठरवणाऱ्यांना, कळवायचं की गप्प बसायचं, हा तुझा पेच. पण आधीचे सहा महिने त्या घरातली चूल कशावर पेटली, हे विचारलंस का?

महिना २२५० रुपये, असं आपण ऐटीत सांगतो. हातात पडतात चार-सहा महिन्यांचे एकदम. तोवर तेल-मीठ उधारीवर. पैसे आले की आधी उधारीच फिटणार. यात लबाडी कुठे दिसली तुला? आणि पासबुक लपवलं, कारण तू फाइल घेऊन गेलीस. फाइल दिसली की बाई तोलूनमापून बोलते. पहिल्या भेटीला फाइल ऑफिसात ठेवून जा.

मी लागले तेव्हा रक्कम होती ४२५. एका आजीच्या गृहचौकशीत मी लिहिलं: ‘एक खोली, पत्रे गळके, उत्पन्न अनिश्चित, घर अयोग्य.’ एक शब्द खोटा नव्हता. भाऊ एका बालगृहात गेला, बहीण दुसऱ्या. तेव्हा २०१५चा बाल न्याय कायदा यायचा होता, संस्था हा शेवटचाच उपाय असं इतकं स्पष्ट कुणी सांगितलं नव्हतं, असं मी स्वतःला समजावते. माझ्याकडे तीन तालुके होते, महिनाअखेर अहवाल द्यायचा होता, माझ्या जागी कुणीही तेच लिहिलं असतं. असो. कायद्याचं सोड, मी त्या आजीलाच काही विचारलं नव्हतं. दोन पत्रे बदलून भागलं असतं. फाइल मांडीवर होती ना, रकाने भरत बसले.

मारहाण किंवा उपासमार दिसली तर त्याच दिवशी समितीला कळव. तिथे माझं काही ऐकू नकोस. पण तुझ्या पत्रात तसं काहीच नाही, आहे तो फक्त न जुळलेला हिशेब.

एक गोष्ट तुझ्या लक्षात आलेली नाही, म्हणून चिडून लिहिते आहे. प्रस्तावाला आपण वडिलांच्या मृत्यूचा दाखला मागतो. पोराचा बाप म्हणजे तिचा मुलगा. त्याच्या दाखल्याच्या झेरॉक्स काढत, उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तहसीलच्या चकरा मारत ती बाई फिरली. आणि आपण तिला ‘लाभार्थीची पालक’ म्हणून सही कुठे करायची ते दाखवतो! तिच्या मुलाबद्दल तिला कुणी दोन शब्द विचारले असतील, असं मला वाटत नाही.

मंगळवारी जाणार आहेस ना? सकाळी लवकर जा, नंतर ती खुरपायला जाते. चहा ठेवला तर नको म्हणू नकोस. दप्तराचा विषय तिनं काढला तरच काढ. आणि फाइल? सांगितलंय मी.

तुझी,
ताई