आवाजाला माणूस करायची घाई नको

प्रिय,

तुझी यादी मिळाली. ‘मेल्ट’, ‘रोलिंग गर्ल’, ‘मात्र्योश्का’, ‘सेनबोन्झाकुरा’. तू बालवाडीत होतीस तेव्हाची ही संगणकी आवाजातली जपानी गाणी, आणि ती ऐकताना आपलेच जुने दिवस आठवल्यासारखं वाटतं म्हणतेस. वाटू दे. आमच्यापैकी तरी कुणी बालगंधर्वांना रंगमंचावर पाहिलं होतं? हळवे व्हायचे ते व्हायचोच.

यादीखाली तू मिकूबद्दल, म्हणजे संगणकावर सूर आणि शब्द भरले की गाणाऱ्या त्या तयार आवाजाबद्दल, विचारलंस, ‘हात्सुने मिकूचा आवाज अगदी माणसासारखा कसा करू?’ पहिलं गाणं पुरं होईपर्यंत तसा करायला जाऊच नकोस, हे माझं उत्तर. कारण समजून घ्यायचं तर हा आवाज तयार कसा होतो ते आधी नीट माहीत हवं.

यामाहा कंपनी आणि बार्सिलोनातलं पोम्पेउ फाब्रा विद्यापीठ यांनी २००० साली या कामाला हात घातला. त्यातून झालेलं व्होकॅलॉइड हे गाणारं सॉफ्टवेअर पहिल्यांदा बाजारात आलं २००४ मध्ये. गायकाकडून गाणी म्हणवून घेत नाहीत. एका ध्वनीतून दुसऱ्या ध्वनीत जातानाचे छोटे छोटे तुकडे म्हणवून घेतात. तू सूर आणि अक्षर भरलंस की सॉफ्टवेअर ते तुकडे जोडतं आणि सांधे गुळगुळीत करतं. जपानीत बहुतेक अक्षरं स्वरावर संपतात, म्हणून एका पट्टीसाठी साधारण ५०० तुकड्यांत भागतं. इंग्रजीला २,५०० च्या आसपास लागतात. जपानी आवाज तेव्हाही ऐकण्याजोगे वाटले, त्याचं एक कारण हे. (जाता जाता: बार्सिलोनाच्या याच प्रयोगशाळेने पुढे हिंदुस्थानी आणि कर्नाटक संगीताचा संगणकी अभ्यास हाती घेतला, आणि त्यात आपल्या पवईच्या आयआयटीतली मंडळीही होती. रागांत रस असेल तर तेही वाचून काढ.)

मिकू हा व्होकॅलॉइडचाच एक आवाज. ती आली ३१ ऑगस्ट २००७ ला, साप्पोरोच्या क्रिप्टन फ्यूचर मीडियाकडून. आवाज फुजिता साकी या अभिनेत्रीचा. सुरुवातीची पुष्कळ गाणी मिकूबद्दलचीच होती: मी सॉफ्टवेअर आहे, मला गायला लाव, अशा थाटाची. डिसेंबरमध्ये र्यो या संगीतकाराचं ‘मेल्ट’ आलं. त्यात एक मुलगी धीर करून कपाळावरचे केस कापते, हवामानाचा अंदाज खोटा ठरून पाऊस कोसळतो आणि तिला एका छत्रीतून चालायला मिळतं. यंत्राचा उल्लेखही नाही. लोकांनी ते आपापल्या आवाजात म्हणून निकोनिको या जपानी व्हिडिओ साइटवर टाकायचा सपाटा लावला.

आता एक काम कर. यादीतलं प्रत्येक गाणं मिकूच्या आवाजात ऐक, लगेच माणसाने गायलेलं ऐक. दोन ढीग पडतील: माणसाच्या गळ्यातही तितकीच शोभणारी गाणी, आणि यंत्राच्या आवाजातच खरी उमटणारी.

पहिल्या ढिगात ‘सेनबोन्झाकुरा’. २०११ चं हे गाणं २०१५ च्या वर्षअखेरीला एन्का ही जुन्या वळणाची जपानी गाणी गाणाऱ्या कोबायाशी साचिको यांनी एनएचके या जपानी वाहिनीच्या ‘कोहाकू’ या गाण्यांच्या कार्यक्रमात गायलं आणि ते त्यांचंच वाटलं. चाल इतकी पक्की आहे की कुणीही गावी. छान गाणं आहे, पण तुला त्यातून यंत्राबद्दल फारसं शिकायला मिळणार नाही. माझा जीव दुसऱ्या ढिगात आहे.

वोवाका या संगीतकाराचं ‘रोलिंग गर्ल’ घे, २०१० चं. शब्दांची रांग थांबत नाही, ‘पुन्हा एकदा, पुन्हा एकदा’ म्हणत मुलगी गडगडत राहते आणि शेवटी श्वास रोखायची गोष्ट करते. हे गातंय कोण? जिला श्वासच नाही ती. माणूस गातो तेव्हा आपण त्याच्या दमाचं कौतुक करतो. मिकू गाते तेव्हा दम हा प्रश्नच उरत नाही आणि अंगावर काटा येतो तो शब्दांमुळे. कॉस्मो या संगीतकाराचं ‘हात्सुने मिकूचं नाहीसं होणं’ त्याच्याही पुढे जातं. पुसली जाणारी मिकू इतक्या वेगात बोलते की शब्द एकमेकांवर आदळतात. इथे अस्पष्टपणा हा दोष नाही, तोच अर्थ आहे. या लोकांनी आवाजाची उणीव लपवली नाही. तिच्या मापाने चाल बेतली. सपाट उच्चार असेल तर ओळ छोटी आणि ठोकेदार, व्यंजन पातळ पडत असेल तर तिथे ड्रम. ऐकताना हे कागदावर टिपून काढ. मूळ व्हिडिओ निकोनिकोवर पाहिलेस तर लोकांचे शेरे चित्रावरून सरकताना दिसतील, गाण्याच्या नेमक्या ज्या क्षणी लिहिले त्याच क्षणी. लोक कुठे ओरडतात तेही टिपून ठेव.

आजच्या आवाजांना श्वास आहे, घरघर आहे. कासाने तेतो हा असाच दुसरा आवाज. ती २००८ च्या एक एप्रिलची थट्टा म्हणून जन्मली, नंतर उताउ या फुकट सॉफ्टवेअरवर गायली आणि २०२३ मध्ये सिंथेसायझर व्ही या गाणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये एआय आवाज घेऊन आली. मला तो आवाज आवडतो. पण नवशिक्याच्या हातात तो फार लवकर गोड होतो, आणि चाल लंगडी आहे हे कळतच नाही. जुना आवाज चालीची खोट लगेच चव्हाट्यावर आणतो.

मराठी शब्द घालायचेत म्हणालीस. जरूर घाल, पण जपानी आवाजाला ‘ळ’ नाही, ‘ण’ नाही, आणि ‘ल’ व ‘र’ मिळून एकच ध्वनी आहे. ‘ये रे ये रे पावसा’ झकास म्हणेल, पुढच्या ओळीत पावसाला ‘तुरा देतो पैसा’ म्हणून मोकळी होईल. जोडाक्षरं टाळ, ओळी स्वरावर संपव. शब्दांवर अशी बंधनं घालून लिहायला वैताग येईल, पण ओळ कशी वळते ते त्यातूनच कळेल.

स्वतः गायचं की नाही, हे आत्ता ठरवू नकोस. हाची या नावाने ‘मात्र्योश्का’ करणारे योनेझू केन्शी पुढे स्वतःच्या आवाजात गाऊ लागले. वोवाकाही हितोरिए या बँडमधून गायला, २०१९ मध्ये एकतिसाव्या वर्षी जाईपर्यंत. दोघांच्या नंतरच्या चालींतही ती न थांबणारी शब्दांची रांग मला ऐकू येते.

तर एक कडवं आणि एक ध्रुवपद, बस. सोबत फक्त पियानो. रिव्हर्ब, म्हणजे आवाजाला दिलेला घुमारा, घालू नकोस, त्याखाली सगळं झाकलं जातं. माणसाला जिथे श्वास घ्यावाच लागला असता तिथे शब्दांच्या कागदावर खूण कर. आणि नुसती एमपीथ्री नको, प्रोजेक्ट फाइलही पाठव.

तुझा,
काका