अंडं न घालता, कणकेचा साधा बनाना ब्रेड घरी कसा करायचा? माझा मधोमध कच्चा का राहतो?

तुम्ही लिहिलंय की घरी छोटा ओटीजी आहे, पाककृतीत 'तीन केळी' होती म्हणून तीन घेतली, मैद्याच्या जागी कणीक आणि अंड्यांच्या जागी दही घातलं. वरून रंग सुरेख आला, पण सुरी खुपसली तर मध्ये गिच्च गोळा. मुलांच्या डब्यासाठी हवाय, म्हणून अंडं आणि मैदा दोन्ही नकोत.

कणीक आणि दही हे दोन्ही बदल चांगले आहेत, ते सोडू नका. माझा संशय त्या 'तीन केळ्यां'वर आहे. मुंबईत आपण केळी डझनाने घेतो आणि एका डझनाचं वजन गाडीगणिक बदलतं. वेलची केळं सोललं की जेमतेम 40-50 ग्रॅम गर मिळतो. लांब, हिरव्या सालीच्या जातीचं केळं चांगलं मोठं असेल तर दीडशेच्या आसपास जातं. म्हणजे एकाच पाककृतीत कुणी 150 ग्रॅम गर घालतं आणि कुणी 450. पिकलेल्या केळ्यात साधारण तीन चतुर्थांश पाणीच असतं. शंभर ग्रॅम गर जास्त पडला तर साधारण 75 मिलिलिटर पाणी तुम्ही नकळत पिठात ओतलेलं असतं. ते सुकेपर्यंत वरचा थर करपायला लागतो आणि मधला भाग तसाच राहतो. म्हणून केळी मोजू नका, सोलून गराचं वजन करा. बाकी सगळं थोडं इकडेतिकडे झालं तरी चालतं, हे एक सांभाळाच. खाली दिलेल्या 250 ग्रॅमसाठी वजनकाटा नसेल तर मापाच्या कपाने कुस्करलेला गर एक कप भरून वर एक मोठा चमचा, एवढं धरा.

आता कुठली केळी घ्यायची. गाडीवरची नेहमीची लांब केळी सगळ्यात सोयीची. जळगावच्या केळ्यांना 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं, ती मिळाली तर उत्तमच. वेलची केळ्यांचाही ब्रेड छान होतो, गोडवा जास्त आणि जराशी आंबट चव. मात्र त्यांचा गर घट्ट असतो, तेव्हा एक-दोन चमचे दूध लागेल. वसईची राजेळी मात्र यात घालू नका. ती सुकेळ्यांची आणि शिजवून खायची केळी, कुस्करली तरी मऊसूत होत नाहीत. पैसे वाया जातात आणि चांगल्या केळ्यांचाही अपमान होतो.

जात कुठलीही असो, पिकणं पूर्ण हवं. कच्च्या केळ्यात बराचसा पिष्टमय भाग असतो आणि पिकताना त्याची साखर होते. साल नुसती पिवळी झाली म्हणून आतलं केळं तयार झालं असं नसतं, विशेषतः पिकवण खोलीत गॅस देऊन रंगवलेल्या केळ्यांचं. बाहेर एकसारखी पिवळी आणि देठ हिरवा दिसला तर आणखी दोन-तीन दिवस ओट्यावर ठेवा. साल काळ्या-तपकिरी टिपक्यांनी भरली, केळं दाबल्यावर बोट रुतलं आणि घरभर वास सुटला, की समजा वेळ आली. एप्रिल-मे महिन्यात हे दोन दिवसांत होतं, डिसेंबरात जास्त वाट पाहावी लागते. घाई असेल तर कागदी पिशवीत एक सफरचंद घालून केळी त्यात ठेवा, फळांतून निघणारा इथिलीन वायू पिशवीत कोंडतो आणि केळी लवकर पिकतात. ओव्हनमध्ये सालासकट भाजून 'पिकवायची' युक्ती हल्ली पुष्कळ दाखवतात. त्याने केळं मऊ आणि काळं होतं, गोड फारसं होत नाही. मला ती पटत नाही.

संध्याकाळी केळीवाल्याकडे टिपके पडलेली केळी उरलेली असतात आणि तो ती कमी भावात द्यायला तयार असतो. ती घेऊन या. त्या दिवशी करायला वेळ नसेल तर सोलून डब्यात भरून फ्रीझरमध्ये टाका. बाहेर काढल्यावर ती काळपट दिसतील आणि पाणी सुटेल, ते पाणी फेकू नका, त्यातच गोडी असते. वजन करताना तेही धरा.

माझं प्रमाण असं. गर 250 ग्रॅम, कणीक 200 ग्रॅम, घट्ट दही 100 ग्रॅम, बारीक चिरलेला गूळ 100 ग्रॅम, वास नसलेलं तेल 80 मिलिलिटर, खाण्याचा सोडा पाऊण टीस्पून, बेकिंग पावडर अर्धा टीस्पून, मीठ पाव टीस्पून. वेलची किंवा जायफळ आवडीनुसार. मला जायफळ जास्त आवडतं, केळ्याला ते फार शोभतं. अक्रोड मूठभर घातले तर चांगलं, नाही घातले तरी काही बिघडत नाही. हे सगळं आठ इंच लांब, चार इंच रुंद टिनात बसतं. असा टिन क्रॉफर्ड मार्केटात सहज मिळेल.

दही आणि सोडा का, हे एकदा कळलं की पाककृती पाठ करावी लागत नाही. सोडा फुलायला आंबट काहीतरी लागतं. केळं थोडं आंबट असतंच, दही त्याला जोर देतं. माटुंग्याच्या उडपी हॉटेलांत मिळणारे मंगळुरी बन्स तुम्ही खाल्ले असतील, त्यांच्यातही पिकलेलं केळं, दही आणि सोडा हीच तिकडी असते, फक्त ते तळतात. मात्र सोडा ओलं लागताक्षणी फुलायला लागतो आणि थांबत नाही. पीठ भिजवून ठेवून मग ओव्हन लावला तर निम्मा जोर ओट्यावरच संपतो. बेकिंग पावडर थोडी उशिरा, उष्णता लागल्यावरही फुलते, म्हणून जड कणकेला तिची मदत घेते. सोडा मात्र अंदाजाने चिमूट-चिमूट घालू नका, मापाच्या चमच्याने सपाट भरून घ्या. जास्त झाला तर साबणासारखी चव येते आणि ती कशानेही झाकत नाही. पावसाळ्यात सोड्याची आणि बेकिंग पावडरची पुडी दमट होऊन गठ्ठे धरते. सोड्यावर लिंबू पिळून बघा, बेकिंग पावडरवर गरम पाणी टाकून बघा. जोरात फसफसलं तरच वापरा.

कृतीची सुरुवात ओव्हनपासून. आधी ओटीजी 170 अंशांवर, वरचा आणि खालचा दोन्ही रॉड लावून, पंधरा मिनिटं तापवत ठेवा. टिनाला तेलाचा हात लावून तळाला बटर पेपर घाला. मोठ्या पातेल्यात केळी काट्याने कुस्करा. मिक्सर नको, त्याने गर चिकट आणि पातळ होतो. बारीक गुठळ्या राहिल्या तर चालतील, खाताना त्या छान लागतात. त्यात गूळ घालून पूर्ण विरघळेपर्यंत ढवळा. घाई केली आणि गुळाचा खडा राहिला तर तिथे ओला खड्डा पडतो. मग दही आणि तेल घालून एकजीव करा. तेलाऐवजी तूप घातलं तर गरम असताना स्वर्गीय लागतं, पण गार झाल्यावर तूप थिजतं आणि ब्रेड कोरडा वाटतो. डब्यासाठी तेलच बरं.

कणीक, सोडा, बेकिंग पावडर आणि मीठ दोनदा एकत्र चाळा. चाळणीत राहिलेला कोंडा परत पिठातच टाका. हे कोरडं मिश्रण ओल्यात एकदम घाला आणि पळीने खालून वर, खालून वर, हलक्या हाताने उलथा. कोरडं पीठ दिसेनासं झालं की हात थांबवा. आपल्याला पोळीची कणीक मळून मळून तिंबायची सवय असते, इथे तीच सवय आडवी येते. जितकं घोटाल तितकी पिठाची चिकी वाढते आणि ब्रेड रबरासारखा, आत लांबट बोगदे पडलेला होतो. तुमच्या प्रश्नात चिवटपणाचा उल्लेख नाही, पण कच्च्या पिठाच्या धास्तीने पुढच्या वेळी तुम्ही जास्त फेटाल, म्हणून आधीच सांगते.

पीठ इडलीच्या पिठापेक्षा घट्ट हवं, पळी तिरकी केली की थबकत थबकत खाली पडावं. चक्कीवरची कणीक पाणी जास्त पिते, बाजारच्या पाकिटातली थोडी कमी. फार घट्ट वाटलं तर चमचाभर दूध. सैल वाटलं तर दोन चमचे कणीक. टिन दोन तृतीयांशापेक्षा जास्त भरू नका. उरलं तर दोन-चार वाट्यांत घालून बाजूला भाजा, मुलांना त्या छोट्या वाट्याच जास्त आवडतात.

आता तुमच्या ओटीजीबद्दल. छोट्या ओटीजीत वरचा रॉड टिनाच्या अगदी डोक्यावर येतो, ब्रेड फुगला की आणखी जवळ. त्यामुळे वरचा रंग लवकर येतो आणि आपण फसतो. टिन सगळ्यात खालच्या जाळीवर ठेवा. पहिला अर्धा तास दार अजिबात उघडू नका, गरम हवा गेली की मधला भाग बसतो. पस्तीस मिनिटांच्या सुमाराला वर बदामी रंग आला असेल तर ॲल्युमिनियमची फॉइल सैलसर झाका आणि पुढे 160 अंशांवर भाजा. एकूण 55 ते 65 मिनिटं लागतात. रंगावर विश्वास ठेवू नका, गूळ आणि केळं दोन्ही रंग लवकर धरतात. मधोमध, सगळ्यात उंच ठिकाणी विणायची सुई किंवा पातळ सुरी तळापर्यंत घाला. एक-दोन ओलसर कण चिकटले तर झालं. ओलं पीठ आलं तर फॉइलखाली आणखी दहा मिनिटं. कडा टिनापासून सुटलेल्या दिसल्या आणि वरून दाबल्यावर परत वर आलं, तर खात्री धरा.

ओव्हन नसलेल्या मैत्रिणी हे वाचत असतील तर त्यांच्यासाठी. प्रेशर कुकर कोरडा तापवायला मी सांगत नाही, जाड बुडाचं जुनं पातेलं घ्या. आत स्टँड, वर घट्ट झाकण, दहा मिनिटं मध्यम आचेवर तापवून मग टिन आत आणि आच बारीक. तास-सव्वा तास लागेल. ब्रेड शिजेल, फुगेल, जाळीही पडेल, पण वरचा खरपूस रंग येणार नाही, कारण उष्णता फक्त खालून मिळते. कोकणात काकडीचं धोंडस (काकडीचा भाजलेला गोड केक) करताना झाकणावरही निखारे ठेवायचे ते याचसाठी. गॅसवर निखारे कुठून आणणार? तव्यावर एक मिनिट उलटा भाजून घेतला तर थोडा रंग येतो.

भट्टीतून काढल्यावर दहा मिनिटं टिनातच राहू द्या, मग जाळीवर काढा. टिनातच गार केला तर वाफ धरून तळ ओला होतो. आणि कितीही मोह झाला तरी गरम कापू नका. गरम असताना आतली ओल स्थिरावलेली नसते, सुरीला पीठ चिकटतं आणि नीट भाजलेला ब्रेडही कच्चा वाटतो. तुमच्या बाबतीत थोडं हेही झालं असण्याची शक्यता आहे. कापल्यावर आत बारीक काळे धागे दिसतील, मुलं विचारतील. ते केळ्यातलेच तंतू असतात, भाजताना गडद होतात.

दुसऱ्या दिवशी तो जास्त चांगला लागतो, ओल सगळीकडे सारखी पसरते आणि केळ्याचा वास उतरतो. म्हणून डब्यासाठी आदल्या संध्याकाळी करा. हिवाळ्यात हवाबंद डब्यात दोन दिवस बाहेर राहतो. जून ते सप्टेंबर मात्र मुंबईच्या दमट हवेवर भरवसा नको, एका दिवसानंतर फ्रिजमध्येच, नाहीतर कडेने बुरशी धरते. जास्त केला असेल तर काप करून प्रत्येकात बटर पेपर घालून फ्रीझरमध्ये ठेवा. रात्री दोन काप डब्यात काढून ठेवले की सकाळपर्यंत मऊ होतात, वेळ असेल तर तव्यावर थेंबभर तुपात परतून द्या.