हार्ट रेट मॉनिटर दिवसभर लावला तर एकूण किती कॅलरी खर्च झाल्या ते कळतं का?

तुम्ही छातीचा पट्टा घेतलाय आणि विचारताय की तो सकाळपासून रात्रीपर्यंत लावून ठेवला तर दिवसाच्या कॅलरी बरोबर निघतील का, आणि तेवढं जेवलं तर वजन जागेवर राहील का. माझं उत्तर: दिवसभर लावू नका. व्यायामापुरता लावा, आणि त्याही आकड्यावर आधी थोडी मेहनत घ्या. मी स्वतः दोन महिने घड्याळाच्या आकड्यावर जेवलो. ते रोज २,९०० च्या आसपास दाखवायचं, वजन उतरावं म्हणून मी २,६०० ते २,७०० खायचो. उतरायचं सोडून अडीच किलो वाढलं. तेव्हापासून हा विषय डोक्यात बसलाय.

पट्टा कॅलरी मोजतच नाही, तो फक्त ठोके मोजतो. शरीर जळणासाठी ऑक्सिजन वापरतं आणि एक लिटर ऑक्सिजनमागे साधारण ५ किलोकॅलरी (बोलताना आपण जिला कॅलरी म्हणतो तीच) खर्च होतात. भरभर चालताना, धावताना, सायकल मारताना ठोके आणि ऑक्सिजन जोडीने वाढतात, जवळजवळ सरळ रेषेत. म्हणून ठोक्यांवरून ऑक्सिजन आणि त्यावरून कॅलरी असा अंदाज बांधता येतो. बसलेलं असताना ही जोडी तुटते. कडक चहा, उकाडा, साहेबांचा फोन, नुसतं खुर्चीतून उठणं, कशानेही ठोके वाढतात. ऑक्सिजनचा वापर मात्र त्या मानाने वाढत नाही.

आकड्यांत बघा. २००५ चं एक प्रसिद्ध सूत्र आहे, बरेच ऑनलाइन कॅल्क्युलेटर तेच वापरतात. पुरुषांसाठी ते असं: ठोके गुणिले ०.६३०९, अधिक वजन गुणिले ०.१९८८, अधिक वय गुणिले ०.२०१७, वजा ५५.०९६९, आणि येईल त्याला ४.१८४ ने भागायचं. उत्तर मिनिटाला किती किलोकॅलरी ते. (बायकांसाठी आकडे वेगळे आहेत.) माझं वय ४४, वजन ७२ किलो. शांत बसलेलो असताना माझे ठोके ६५ असतात. सूत्र म्हणतं मिनिटाला २.१७, म्हणजे २४ तास नुसता बसून राहिलो तरी ३,१०० च्या वर! मिटिंगमध्ये ठोके ९० झाले तर त्या एका तासाचे साडेतीनशे. प्रत्यक्षात खुर्चीत बसून तासाला माझे ८० च्या आसपासच जात असतील. सूत्राचा यात दोष नाही, ते व्यायाम करणाऱ्यांवर, व्यायामाच्या वेळेसाठी बेतलेलं आहे. आपण ते नको तिथे लावतो.

उपकरणांचं म्हणाल तर स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१७ मध्ये मनगटावरची सात उपकरणं ६० जणांवर तपासली होती. सातपैकी सहांनी ठोके ५ टक्क्यांच्या आतल्या चुकीने दिले. कॅलरीत मात्र सगळ्यात चांगल्या उपकरणाचीही सरासरी चूक २७ टक्के निघाली, आणि सगळ्यात वाईटाची ९३ टक्के.

तर मग करायचं काय? किती ठोक्यांना किती कॅलरी, ही स्वतःची रेषा स्वतः काढायची. यासाठी मला सगळ्यात जास्त उपयोग झाला तो ट्रेडमिलचा. चालण्याला किती ऑक्सिजन लागतो याचं एक जुनं, भरवशाचं गणित आहे: वेग मीटर प्रति मिनिट घ्या, त्याचा दहावा भाग करा, त्यात ३.५ मिळवा. चढ असेल तर वेग गुणिले चढ गुणिले १.८ आणखी मिळवा (५ टक्के चढ म्हणजे ०.०५). हा झाला वजनाच्या दर किलोमागे मिनिटाला लागणारा ऑक्सिजन, मिलिलिटरमध्ये. ताशी ६ किलोमीटर म्हणजे मिनिटाला १०० मीटर. सपाटीवर १३.५ येतात, ५ टक्के चढावर २२.५. वजनाने गुणा, मिलिलिटरचे लिटर करा, लिटरमागे ५ किलोकॅलरी धरा: माझ्या ७२ किलोला ते अनुक्रमे ४.९ आणि ८.१ किलोकॅलरी दर मिनिटाला.

एका सकाळी पट्ट्याच्या आतले काळे पॅड नळाखाली ओले करून (कोरडे असले की सुरुवातीला वाट्टेल ते आकडे येतात) मी जिममध्ये उभा राहिलो. सपाटीवर सहा मिनिटं, मग ५ टक्के चढावर सहा मिनिटं. दांडी अजिबात धरायची नाही, धरली की शरीराचा भार तिच्यावर जातो आणि सगळं गणित फसतं. पहिल्या तीन-चार मिनिटांत ठोके चढत राहतात, ते सोडून द्या. स्थिरावल्यावर बघा. माझे १०४ आणि १२८ वर स्थिरावले. म्हणजे १२८ ठोक्यांना माझा खर्च मिनिटाला ८.१. वरचं सूत्र याच ठोक्यांना ११.७ देतं! दोन बिंदू मिळाले की वहीवर रेघ ओढा, झाली तुमची स्वतःची रेषा. हृदयाचा काही त्रास असेल तर हे डॉक्टरांना विचारूनच करा.

उरलेल्या दिवसासाठी ठोके बघूच नका. मिफ्लिन-सेंट जोर समीकरणाने बीएमआर (नुसतं पडून राहिलं तरी दिवसाला शरीर जेवढ्या कॅलरी खर्च करतं तो आकडा) काढा: वजन गुणिले १०, अधिक उंची सेंटिमीटरमध्ये गुणिले ६.२५, वजा वय गुणिले ५, मग पुरुषांनी ५ मिळवायचे, बायकांनी १६१ वजा करायचे. माझी उंची १७०, बीएमआर १,५६८. बैठ्या कामाचे म्हणून १.३ ने गुणले, झाले सुमारे २,०४०. सकाळी ४० मिनिटं टेकडी, सरासरी १२८ ठोके, म्हणजे ३२४. त्या ४० मिनिटांत घरी बसून जे ५५-६० गेलेच असते ते वजा करा, नाहीतर तेच दोनदा धरलं जातं. एकूण २,३०० च्या आसपास. घड्याळाच्या आकड्यापेक्षा ६०० कमी, म्हणजे साधारण दोन वडापाव.

ही रेषासुद्धा सगळीकडे चालत नाही. वजनं उचलताना ठोके चढतात पण ऑक्सिजन तेवढा लागत नाही. मे महिन्यात त्याच टेकडीवर, त्याच वेगाला माझे ठोके आठ-दहाने जास्त असतात. ते उन्हाचे असतात, घाम काढायला हृदयाला जास्त पळावं लागतं, त्या कॅलरी नव्हेत. आणि बीपीसाठी बीटा ब्लॉकर (ठोके कमी ठेवणारी गोळी) घेत असाल तर ठोक्यांवरचा हिशोब पूर्ण सोडा. माझ्या आईला ती गोळी चालू आहे. ती दम लागेपर्यंत चालली तरी ठोके ९५ च्या वर जात नाहीत, आणि घड्याळ तिला सांगतं की तुम्ही फारसं काही केलं नाहीत. हे वाचून ती खट्टू होते, म्हणून मी तिच्या घड्याळावरचा कॅलरीचा रकाना बंदच करून टाकला.

शेवटची तपासणी वजनकाट्यावर करा. रोज सकाळी संडासला जाऊन आल्यावर, चहाआधी वजन करायचं आणि आठवड्याची सरासरी काढायची, एका दिवसाच्या आकड्याला अर्थ नाही. एक किलो चरबी म्हणजे अंदाजे ७,७०० किलोकॅलरी. तेव्हा चार आठवड्यांत सरासरी अर्धा किलो वाढली तर तुमचा आकडा रोज सुमारे १४० ने जास्त धरला गेलाय, तेवढा कमी करा. मी २,३०० वर चार आठवडे जेवलो, प्रत्येक भाकरी आणि तेलाचा प्रत्येक चमचा मोजून. चौथ्या आठवड्याची सरासरी पहिल्यापेक्षा २०० ग्रॅमने कमी आली. हिवाळ्यात टेकडीची वेळ तासावर नेणार आहे, तेव्हा हे सगळं पुन्हा एकदा करीन.